भाता

जेल आधी तळव्यात ऊबवून घेते मी.
ऑगस्ट आहे, अँकोनाच्या खिडकीखाली
समुद्र पितळेसारखा तापलाय,
तरी इल्वाबाईंच्या हातांत लोकरी मोजे.
गारठली की बोटं आधी पांढरी, मग जांभळी,
"मग माझी नाहीतच," म्हणतात.

चाळीस वर्षं अकॉर्डियनचे भाते बांधले त्यांनी:
पुठ्ठा, कापड, कोपऱ्यांना शेळीचं पातळ कातडं.
आता स्वतःचंच कातडं कुणी ताणून चिकटवल्यासारखं.
तोंड उघडतं चमच्यापुरतं,
अंगठी गळ्यातल्या दोऱ्यात.

पडद्यावर हृदय.
आकुंचन ठीक, आकडाही चांगला.
तेवढंच सांगून मी गप्प होते,
पुढचं डॉक्टरांनी सांगायचं असतं.
त्या मात्र बघत राहतात
घडी तपासावी तशा.

"दाबायला काय, कुणालाही येतं.
भाता कळतो तो उघडताना.
हा उघडायला कुरकुरतोय, हो ना?"

सैल पडायला उशीर करणारी ती भिंत
मी तीनदा मोजलेली.
मान हलवायची नसते आम्ही. हलली.

"कारखान्यात असा आला असता तर
परत पाठवला असता,"
आणि हसल्या, ओठांना जमलं तेवढं.
"आवाज वाढव जरा. बघू, सूर कुठला लागतोय."

मी बटण फिरवलं.
खोलीभर फुसफुस, फुसफुस,
मध्येच एक ठोका आगाऊ.
न वाकणाऱ्या बोटांनी त्या गादीवर ताल धरत होत्या.
तिथे थांबल्या.
पुन्हा धरला.