चलनामागची यादी

सुट्टी बुधवारची. उद्यमबागेत त्या दिवशी
लेथ गप्प असतात,
मलाच तेवढे ऐकू येत राहतात.

मंगळवारी रात्री डिलिव्हरी चलनाच्या पाठीमागं
कार्बनच्या निळ्या डागांतून जागा काढून लिहिलं:
एक, झोप.
दोन, डावा हात. मनगटाखाली मुंग्या.
तीन, भरमा
(तीनवर काट मारली. पुन्हा एकदा मारली.)
चार, फी किती ते विचारणे.

घरात सांगितलं, चष्म्याचा नंबर बघून येतो म्हणून.
फार खोटं नव्हतं.

टिळकवाडी, पहिल्या गेटच्या अलीकडं,
मेडिकलवरचा मजला.
गाडी लावली पार लांब, मिठाईच्या दुकानासमोर,
तरी कल्लाप्पा सुळगेकर भेटलाच.
"काय मारे, इकडं कुठं?"
"कुंदा," म्हटलं.
मग पाव किलो घ्यावाच लागला.
आयुष्यात पहिल्यांदा मनाच्या डॉक्टरकडं गेलो
तो असा, हातात मिठाईचा पुडा घेऊन,
मुलगी बघायला गेल्यासारखा.

फॉर्म होता. नाव: नागोजी हलगेकर. वय: एक्कावन्न.
मातृभाषा:
तिथं पेन अडलं.
हा रकाना भरताना आमच्या गावात
माणसं उगीच ताठ बसतात.
मीही बसलो.

आत हिरेमठ म्हणून बाई. माझ्या थोरलीपेक्षा
चार-पाच वर्षांनी मोठी असेल.
म्हणाली, "झोप कसा येतो?"
झोपेला तिनं पुल्लिंगी केलं,
आणि मी, मराठी शाळेच्या बाकावर घडलेला,
बोलून गेलो, "निद्दी बरंगिल्ल री."
दोघंही एकमेकांच्या घरात
चपला काढून उभे.

यादी काढली. वाचून दाखवली, माल मोजून द्यावा तशी.
"आणि तीन?"
"ते चुकून लिहिलंय."
ती काही बोलली नाही. पंखा दोनवर होता.
गेटवरून मालगाडी निघाली, संपता संपेना,
ती जाईपर्यंत दोघांनाही गप्प बसणं भाग होतं.
शेवटचा डबा गेला.
मी चार नंबर विचारायला तोंड उघडलं
आणि भरमा बाहेर आला.

प्रेसचं गार्ड काढ म्हणून मीच सांगितलेलं.
गार्डामुळं तासाला चाळीस पीस कमी पडत होते.
चाळीस. आकडा अजून पाठ आहे.
डाव्या हाताची दोन बोटं.
आता आमच्याच गेटवर वॉचमन आहे तो,
उजव्या हातात रजिस्टर, म्हणून सलाम डाव्यानं.
रोज सकाळी, तीन बोटांचा.
आणि हसतो.
हे "हसतो" मी कुठल्या भाषेत सांगितलं
ते मला आठवत नाही.

कास्टिंग बाहेरून गुळगुळीतच येतं.
लेथवर चढवून दोन मिलिमीटर कापलं
की मग दिसतं आतलं भोक.
आम्ही त्यावर खडूनं फुली मारतो, बाजूला टाकतो.
मी बघत होतो, तिचं पेन कुठं जातंय.
तिनं पुढच्या बुधवारची तारीख लिहिली.
आणि सांगितलं, रात्री जाग आली की फक्त वेळ लिहा,
कारण लिहू नका.

हात बरा झाला असं म्हणणार नाही.
जिना उतरताना लोखंडी कठडा डाव्यानं धरला.
मुंग्या होत्याच.
खरं, कठडा गार लागला.

रात्री दोन चाळीस. लिहिलं.
पुढचं काही कागदावर नाही.

सकाळी मालू भाकरी थापत म्हणाली,
"मग, वाढला का नंबर?"
"डोळ्याचं नव्हतं ते."
"ठाऊक हाय. काल शर्ट धुवायला घेतला,
तर खिशात चलन.
इस्त्रीच्या शर्टात कुणी घातलं म्हणून समजलात?"
भाकरी उलटली. पीठ उडालं थोडं.
"पुढच्या बुधवारी गाडी त्यांच्या दारातच लावा.
आणि कुंदा आणायचाच झाला तर अर्धा किलो आणा.
थोडा भरमाभावजींकडं द्यायला होतोय."