रायबंदरचं घर

इल्झेबाई लाटव्हियाहून आल्या, दोन बॅगा आणि एक छत्री घेऊन,
आणि मी त्यांना स्कूटरवरून सहा दिवसांत अकरा घरं दाखवली.

ताळगावचा फ्लॅट: लिफ्ट, जनरेटर, खाली जिम.
त्या म्हणाल्या, इथे सगळे काचा लावून राहतात.
साळगावचं घर शेताकाठी, पण मालकाची अट,
डिसेंबरात भाडं तिप्पट, नाहीतर महिनाभर बाहेर.
पर्वरीत रस्त्याचं काम. चहात धूळ पडली,
तरी त्यांनी कप रिकामा केला, घरमालकिणीचा मान म्हणून.

प्रत्येक घरात त्या दहा मिनिटं खुर्चीत बसत, न बोलता.
मी दाराशी उभा, हेल्मेट काखेत.
मग प्रश्न. भाड्याचे नव्हेत.
रात्री कुत्रं भुंकलं तर कोण उठतं?
मी पडले तर कुणाला ऐकू जाईल?
मे महिन्यात विहिरीचं पाणी कितव्या पायरीला असतं?

असलं मला बारा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
मी स्वतःलाही नाही.

बेतीच्या फेरीबोटीत त्या म्हणाल्या,
तुम्ही कुठे राहता, मिस्टर गावडे?
चिंबलला. गॅरेजच्या मागे, एक खोली.
का निवडलीत?
रिकामी होती, म्हटलं.

रायबंदरचं घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं.
निळा बाल्कांव, शिंपल्यांची तावदानं,
मागे टेकडी, पुढे रस्ता, रस्त्यापलीकडे मांडवी.
साडेसहाला पोदेराची पोंपों,
त्यानंतर चोडणच्या फेरीचं इंजिन.
हे मला तोंडपाठ, कारण चार वर्षांपूर्वी
मी आणि मालन याच पायऱ्यांवर उभे होतो,
इस्त्रीच्या कपड्यांत.
एर्मेलिंदबाईंनी विचारलं होतं, गावडे खंयचे? फोंड्याचे?
चंदगडचे, मी म्हणालो.
तुझी कोंकणी बरी आसा, त्या म्हणाल्या,
आणि दार ओढून घेतलं, आवाज न करता,
झोपलेल्या पोराच्या खोलीचं ओढतात तसं.
मालन आता गावीच असते. काजू सोलते.

इल्झेबाई त्या घरात वीस मिनिटं बसल्या.
एर्मेलिंदबाईंनी मला ओळखलं नाही, किंवा ओळखलं.
मी दुभाषा, इकडचं तिकडे.
हिका सांग, त्या म्हणाल्या,
घाट्यांक दिवंक नाका म्हणून घर रितें दवरलां.
मी सांगितलं: घर बरेच दिवस रिकामं आहे.
एवढंच? वाक्य मोठं वाटलं.
कोंकणीत वाक्यं मोठीच असतात, म्हटलं.

कमिशन मिळालं, एका महिन्याचं भाडं.
पोलिसांचा फॉर्म मीच भरून दिला.
परदेशी नागरिकाचा पत्ता, या रकान्यात
रायबंदर लिहिताना अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

जूनमध्ये त्या रीगाला गेल्या, बहिणीच्या ऑपरेशनसाठी.
किल्ली मला. आठवड्यातून दोनदा खिडक्या उघडा,
नाहीतर पुस्तकांना बुरशी चढेल.
म्हणून बुधवार, शनिवार.
नऊ खिडक्या. बिजागऱ्यांना खोबरेल.
एका कोपऱ्यात गळतं, तिथे माझाच डबा ठेवलाय.
मग दहा मिनिटं खुर्चीत.
उगाच. घड्याळ बघून.

काल कुंपणापलीकडून आवाज आला,
कोण तो?
हांव. जनेलां उगडूंक आयलां.

बराच वेळ काही नाही.
भरती चढत होती, फेरीने भोंगा दिला.
मग त्या म्हणाल्या,
फाटलें जनेलय उगड. तें चिकटून रावता.

मी नऊच मोजत होतो.
दहावी कपाटाच्या आड होती.
कपाट सरकवलं,
आणि खांदा लावला.