तिसरा कान

सायत्राबाई पाठे आमच्याकडे खापरं धुते,
दात घासायच्या ब्रशनं, टोपलीमागून टोपली.
खड्डा वैनगंगेच्या काठावर, गोदाम शाळेचा व्हरांडा,
आणि मी तुकड्यांच्या कडा कागदावर उतरवणारा
पगारी माणूस. बाक, जाडी, गळ्याचा घेर.

त्या संध्याकाळी चटईवर पुस्तक उघडं राहिलं होतं,
ग्रीसच्या भांड्यांचं. तांबडी माती, काळी माणसं.
मजुरी कंबरेला खोचून ती वाकली.
घोडे, रथ, देव तिनं पाहिलेच नाहीत.
"याचं बूड कुठी हाय जी?"

मी सांगितलं, तेल भरून, दारू भरून,
ही टोकदार भांडी जहाजातून जायची.
"मंग बरोबर. रेतीत रोवाचं, तनसात रोवाचं.
बूड त्याले, ज्याले घरी बसाचं हाय."

पुढच्या पानावर रुंद तोंडाचं. त्यात दारूत पाणी मिसळत.
नुसती पिणारा तो रानटी, असं ते लोक म्हणत.
ती इतकी हसली की पेन्सिल घरंगळली.
"आमच्याइथं पानी इकनाराच घालते बाप्पा,
मोहाच्या दारूत. गावात कोनी रानटी नाई."

पसरट पेल्याला बाहेरून दोन डोळे रंगवलेले.
पिणारा पेला तोंडाला लावतो तेव्हा
समोरच्याला त्याचा चेहरा दिसत नाही, मातीचा दिसतो.
यावर ती हसली नाही.

चाकाला बाईनं हात लावायचा नाही, अशी रीत.
उकंडा फिरवायचा, ही थोपटायची,
आतून दगडी गुंडा, बाहेरून लाकडी फळी,
बोडीतल्या मातीला पोट सुटेपर्यंत.
म्हणून भांडं ती आतून ओळखते.
पाण्याची घागर पाहून तिनं हवेतच तीन बोटं फिरवली.
दोन कान बाजूला आडवे, एक मागे उभा.
"उचलाले दोन. ओताले एक.
हे बाईनंच सांगतलं असन कुंभाराले."

शेवटी उंच, निमुळतं, पांढरं.
मेलेल्यापाशी ठेवायचं, तेलानं भरून.
"येवढं तेल?"
नाही, म्हटलं, काहींत गळ्याखाली आतून
एक लहानशी वाटी बसवलेली असते. तेवढीच भरायची.
बाहेरून वाटतं, काठोकाठ आहे.

दिव्याभोवती किडे जमले होते.
ती खाली बसली, पुस्तकाला पाठ करून.
"याच्या बापाच्या दिव्यात," म्हणाली,
म्हणजे उकंडाच्या, पोराच्या बापाच्या,
"धाही दिवस खाली पानी ठेवलं मी, वर तेल.
कोनाले नाई सांगतलं."
मग विचारलं, त्या भांड्यावर कुंभाराचं नाव आहे का.
बहुतेकांवर नसतं, मी म्हणालो.
"बरं हाय."

शनिवारच्या बाजारात
तवल्या, पणत्या, झाकण्यांमध्ये एक घागर,
मागे उभा कान, जरा वाकडा,
अंगठ्याचा ठसा पुसायचा राहून गेलेला.
गिऱ्हाईक उलटसुलट करून बघतं,
टिचकी मारतं, आवाज ऐकतं, विचारतं,
"हा तिसरा कान कायले वो?"
सायत्राबाई म्हणते,
"त्याचे वीस रुपये जास्तीचे."