दातांनी

सकाळी गार येझदी टकटकते.
उद्यमनगरला पोचेतो तापते, गप्प होते,
आणि इलाही म्हणतो, "काय नाय लगा, जा."

म्हणून आज अंगणातच, दूधवाल्याच्या आधी.
आबा आले. फौंड्रीत तीस वर्षं,
कान तिथंच ठेवून आलेले.
स्क्रूड्रायव्हरचं टोक सिलिंडरला टेकवलं,
लाकडी मूठ दातांत धरली.
मी हळू रेस दिली.
मिशा थरथरल्या.

"बोअर खाल्लाय. पिस्टन खेळतोय आत.
तापला की फुगतो, मग बसतो गुमान."

मी चावीकडं हात नेला
तर मनगट धरलं त्यांनी.
मूठ परत दातांत,
डोळे मिटलेले.

इंगवल्यांच्या काकूंनी खिडकी आपटली.
ते त्यांना ऐकू आलं नाही.