सेल्फ मार, पण थोडाच

फोन बोनेटवर नको, रेणू. मडगार्डवर ठेव.
आता सेल्फ मार. थोडाच.
हं. बस.

बॅटरी ठणठणीत आहे, फिरण्याचा आवाज भरलेला,
उगाच तिच्या डोक्यावर खापर नको.
मी इथे सुखलियात, तिसऱ्या मजल्यावर, उताणा,
डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी.
वाकायचं नाही, शिंकायचं नाही, डॉक्टर म्हणालेत.
ऐकायला मनाई केलेली नाही.

धूर सांग.
पांढरा? काळा?
अजिबात नाही?
मग बरं. पांढरा असता तर डिझेल पोचतंय आणि पेटत नाही,
तो आजार निराळा, खर्चिक.
इथे ताटच वाढलेलं नाही.

बंद करायची तार बघ, पूर्ण आत गेलीय ना?
चाळीस वर्षांत सियागंजच्या माझ्या गाळ्यासमोर
दुसऱ्याच्या मागे बांधून ओढत आणलेले किती ट्रॅक्टर
फक्त त्या तारेपायी आले.
मी तार ढकलायचो, चहा सांगायचो,
आणि अर्धा तास उगाच पाना फिरवायचो,
मालकाची लाज राहावी म्हणून.

टाकीत काडी बुडव. वीतभर ओली? पुरे.
झाकणाचं भोक फुंक,
बेटम्याची धूळ तिथे कुंभारमाशीसारखी घर करते.
आता फिल्टरवरचा स्क्रू. सैल कर, काढू नको,
आणि खालचा हातपंप दाब, अंगठ्याने.
फेस?
दाब.
अजून फेसच?
माझा अंगठा इथे चादरीवर चाललाय.
सुमन दारातून म्हणते, झोपेत बडबडताय का.

फेस थांबत नसेल तर हवा मागून येतेय,
टाकी आणि पंपाच्या मधून.
तिथे ओल शोधू नको.
जो सांधा बाहेर गळतो तो बिचारा प्रामाणिक, दिसतो तरी.
हा आत ओढतो,
कोरडा ठाक राहून.

पाइप कुणी सोडला होता?

बराच वेळ नुसते कावळे.
मग, मीच काका. काल. फिल्टर बदलला.
आणि वायसर?
जुनाच लावला.
बाबांना सांगू नका.

बाबांना! तुझ्या बाबांनी त्र्याण्णव साली
याच झेटरच्या हायड्रॉलिकमध्ये शेंगदाण्याचं तेल ओतलं होतं,
तो वास मी अजून कुणाला सांगितलेला नाही.

वायसर तांब्याचा आहे ना? काढ.
चिमट्यात धरून गॅसवर धर, लाल होऊ दे,
आणि पाण्यात टाक.
लोखंड असं केलं की कडक होतं. तांबं मऊ पडतं.
का, ते विचारू नको.
मला शिकवणारे अल्ताफउस्ताद म्हणायचे, स्वभाव.

आई ओरडेल म्हणतेस?
ओरडू दे.

खाली भंगारवाला दोनदा हाक मारून गेला.

लावलास? आवळ. पंप दाब.
फेस थोडा, अजून थोडा,
काका, आता नुसती धार.
स्क्रू आवळ. नोझलचे दोन्ही नट अर्धा आटा सैल.
सेल्फ. ओले झाले? आवळ.
ओढणी खोच. पंख्यापासून लांब.
आता मार.

खर्र खर्र खर्र
खर्र
डुग्

एकच सिलिंडर बोलला. सोडू नको, दुसरा लाजतोय,
डुग् डुग्
डुग् डुगडुगडुग

मग माझ्याशी कुणीच बोललं नाही.
फोन तिथेच राहिला मडगार्डवर.
पत्रा थरथरत होता, कुत्रं भुंकत होतं,
बाप विचारत होता, काय झालं होतं गं?
ती म्हणाली, हवा धरली होती.
गिअर पडला. मागे पेरणीयंत्राची साखळी कुरकुरली,
रस्ता संपला तसा आवाज बदलला,
काळ्या मातीत उतरला, जड झाला.

सुमन म्हणाली, साडेदहाचे थेंब राहिले.
मी ओठांवर बोट ठेवलं.