खर्ज

रुस्तावीच्या तुरुंगात, गुरुवारी,
धोबीखान्यातली यंत्रं तासभर बंद ठेवतात.
ओल्या चादरींखाली आम्ही सातजण,
आणि त्बिलिसीहून मिनीबसने येणाऱ्या लामाराबाई,
गुडघा दुखतो म्हणून उलट्या बादलीवर बसलेल्या.

मालखाझला त्यांनी खर्ज दिला.
"तू हलायचं नाहीस. बाकीचे फिरतील,
फिरून तुझ्याकडेच येतील."
ज्याला कधी थांबताच आलं नाही,
ना नोकरीत, ना लग्नात,
ना त्या एका क्षणी, सुरी हातात असताना,
तो एका स्वरावर उभा राहायला शिकला.
पहिले काही महिने स्वर घसरायचा,
साबणावरून पाय जावा तसा.
बाई बादली वाजवायच्या. पुन्हा.

पहारेकरी नुगझार किल्ल्या रुमालात गुंडाळून उभा राही.
का, ते आम्ही कधी विचारलं नाही.

मार्चमध्ये मालखाझ सुटला.
मग त्याचं पत्र आलं, पीठ लागलेलं.
बेकरीत आहे. खोलीवर एकटा गायलो,
तर शेजारीण म्हणाली, फ्रिज बिघडलाय का तुमचा?
एकट्याचा खर्ज म्हणजे नुसती घरघर.
पण पहाटे रोट चिकटवायला
मातीच्या भट्टीत कमरेपर्यंत वाकतो,
तेव्हा भट्टी तोच स्वर जरा उशिरा परत देते.
"तेवढ्या वेळात," त्याने लिहिलंय,
"तुम्ही कुठून उचलता, ते ऐकू येतं."

आज गुरुवार.
त्याच्या जागी अजून कुणी नाही.
आम्ही तिथे फट ठेवून गातो.
नुगझार भिंतीला टेकलाय,
ओठ मिटलेले,
गळा मात्र हलतोय.