नग एक

उदगीरच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या डेडस्टॉक रजिस्टरात,
पान सत्तेचाळीस.
वर माणसाचा सापळा, खाली स्पिरिटमधलं गांडूळ,
आणि मधे मैनोद्दीनभाईंच्या तिरक्या अक्षरात:
समुद्री गोगलगाय. नग एक. नाव माहीत नाही.

तिला कुणी आणलं नव्हतं.
सहलीहून परतल्यावर मुक्ता बिरादारनं ओढणी झटकली,
टेबलावर चिमूटभर कोकण पडलं.
मी ते भिंगाखाली सरकवलं, सवयीनं.
वाळूतला एक कण
स्वतःभोवती वळत गेलेला.

राजगिऱ्याहून मोठी, तिळाहून लहान.
साडेतीन वेटोळी. पोटाशी तपकिरी रेघ,
कुणी एका केसाच्या कुंचल्यानं ओढायला घेतली
आणि मधेच हाक आली म्हणून उठून गेलं, तशी.
पुस्तकं उलटली. पुण्याला फोटो पाठवला.
उत्तर आलं, फोटो स्पष्ट पाठवा.

मैनोद्दीनभाईंनी एक डोळा मिटून पाहिलं, चहा निवेपर्यंत.
एकतीस वर्षं बेडूक, झुरळं, शार्कचं पिल्लूसुद्धा
त्यांच्या हाताखालून गेलेलं,
समुद्र तेवढा राहिलेला.
"मॅडम, तोंडाला हे काय लावलंय?"
झाकण. भ्याली की आत जाते आणि ओढून घेते.
"म्हंजे आता लावलेलं हाय."
हो.
"आतून."

मी रजिस्टर मिटलं.
त्या दिवसापासून त्या बशीजवळून जाताना
ते किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरत.

मग मे महिना. नळाला अकराव्या दिवशी पाणी,
आणि भाईंच्या रिटायरमेंटला चार दिवस.
नांदेडहून तपासणीस आले. सापळा मोजला,
बरगड्यांसकट.
"गोगलगाय दाखवा."
लाइट गेलेली होती. भाईंनी बशीवरची काच उचलली,
"ही काय," म्हणाले,
आणि लाइट आली.
डोक्यावरचा पंखा फिरला.

चौघं गुडघ्यांवर. बोट जिभेला लावायचं, फरशी टिपायची.
मोहरी सापडली. ज्वारीची कणी.
कुणाच्या तरी पोतीतला काळा मणी, मुंगीचं नुसतं डोकं.
तपासणीसांनीही शेवटी चष्मा कपाळावर ढकलला
आणि कपाटाखाली गाल टेकवला.
"आहे का हो असं काही खरंच?"

साडेपाच वाजले.
"निर्लेखित करून टाका. फुटली, हरवली, काय ते कारण लिहा."
भाईंनी पेन झटकलं. शेऱ्याच्या रकान्यात
बराच वेळ काही उमटेना.
मग लिहिलं:
खोलीतच आहे. दार आतून बंद.

तपासणीसांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि खाली सही केली.

भाईंचा अधूनमधून फोन येतो.
गुडघ्याचं सांगतात, नातीचं सांगतात,
ठेवता ठेवता विचारतात, "फरशी कोन पुसतंय आता?"
मी प्रयोगशाळेत शिरताना चपला बाहेर काढते.
पोरांना वाटतं, मॅडमचं काहीतरी व्रत असेल.